घरोबा

झरीच्या शाळेत आम्हा दोघांना कुणी वेगवेगळी हाक मारली नाही. मास्तर फळ्याकडं तोंड करूनच म्हणायचे, "त्या जोडीला गप्प बसवा." गावात कुणी लंगोटीयार म्हणायचं, कुणी जानी दोस्त. तो स्वतः मात्र 'जिगरी' म्हणायचा. अनोळखी माणूस भेटला की माझ्या खांद्यावर हात टाकून सांगायचा, "ह्यो माझा जिगरी." आणि त्याची आई, जिला मीही मायच म्हणत असे, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मला तीन न्हाईत, चार लेकरं हायीत. चवथा ह्यो."

मला हे शब्द फार आवडायचे. आता माझ्यासमोर कुणी ते वापरले की मी उठून जातो.

त्याचं घर गावाच्या मधोमध, घरचे काळ्या रानाचे मालक. तीन भावांत हा मधला. आम्ही बौद्ध, घर वस्तीत, गावाच्या उगवतीला. माझे वडील दुसऱ्याच्या रानात कामाला जात. त्यांच्याही रानात जात. पाचवीत आम्ही एका बाकावर आलो आणि पुढं दहावीपर्यंत तो बाक सुटला नाही. शाळा सुटली की तो दप्तर घेऊन थेट आमच्या घरात यायचा, चुलीपाशी बसायचा आणि माझ्या आईला म्हणायचा, "मावशे, भाकर टाक." आई आधी घाबरायची. त्याच्या घरच्यांना कळलं तर काय, म्हणून दार लोटून घ्यायची. नंतर तिलाही सवय झाली. त्याला आवडतं म्हणून ती ठेचा जास्त करायची.

मी त्याच्या घरी जायचो तेव्हा ओसरीवर बसायचो. तिथंच चहा यायचा, तिथंच दिवाळीचा चिवडा. कुणी कधी अडवलं नाही. अडवायची वेळच आली नाही, कारण मी कधी उठून आत गेलो नाही. पुढं त्यांनी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. ओसरी गेली, पोर्च आला, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मी गेलो की तो बाहेर येऊन म्हणायचा, "आत लय गरम व्हायलंय. भाईर बसू, हवेशीर." थंडीच्या दिवसांतही आम्ही हवेशीरच बसायचो.

मला हे कळत होतं का? कळत होतं. पण त्याच्याबद्दल ते लागू करायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. घर त्याच्या वडलांचं, मग मोठ्या भावाचं. त्याचं काय चालतंय तिथं, असं म्हणायचो. त्याच्या लग्नात मी तीन दिवस राबलो. मंडप, पाण्याचा टँकर, वाढायची भांडी, सगळं माझ्याकडं. माझ्या लग्नात तो इतका नाचला की माझ्या सासऱ्यांनी विचारलं, हा कोण, तुमच्या भावकीतला का? मी म्हणालो, "हो."

मला रेल्वेत नोकरी लागली आणि मी पूर्णेला आलो. तिकीट खिडकीच्या मागं बसून पंचवीस वर्षं झाली. तो पंधरा दिवसांतून एकदा तरी यायचा. नांदेडला काम असलं तरी आधी पूर्णेला उतरायचा. माझी पोरं त्याला काका म्हणत. माझ्या बायकोला न विचारता तो फडताळातून शेव काढून खायचा. मी वर्षातून चार-पाचदा झरीला जायचो, पोर्चात बसायचो, मायच्या पाया पडायचो आणि वस्तीत आईकडं जेवून परत यायचो.

मग त्याचे पाय सुजायला लागले. रानात उभं राहून सुजत असतील म्हणून त्यानं दोन महिने घालवले. परभणीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. एका वारी त्याची बायको यायची, एका वारी मी. मी त्याच्यासाठी ड्युट्या बदलून घ्यायचो. चार तास तो खाटेवर आणि मी स्टुलावर. तो म्हणायचा, "तू जा, कशाला बसायलास?" आणि मी उठलो की डोळे उघडून बघायचा.

डॉक्टर म्हणाले, किडनी बदलली तर माणूस जगेल. घरात कुणाची जुळते बघा.

मायला साखर होती, तिची घेता येईना. त्याच्या बायकोचा, म्हणजे वहिनीचा, रक्तगट जुळला नाही. पोरगी अजून शिकत होती आणि तिची घ्यायची नाही हे त्यानं आधीच सांगून टाकलं. मोठ्या भावानं आपल्याला बीपी असल्याचा कागद आणला. धाकटा भाऊ तपासायला येतो म्हणाला, दोनदा तारीख घेतली आणि दोन्ही वेळा त्याचा फोन बंद लागला. नंतर कळलं, त्याच्या सासऱ्यांनी त्याला शपथ घातली होती.

माझा रक्तगट कुणालाही चालणारा. मी डॉक्टरांना म्हणालो, "माझी घ्या."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडत म्हणाली, "द्या. मी सही करते. पण एक सांगा, त्यांच्या घरात खोल्या किती हायीत?"

मी म्हणालो, "त्याचा इथं काय संबंध?"

"काही न्हाई," ती म्हणाली. "आसंच इचारलं."

औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात आमच्या तपासण्या झाल्या. सगळं जुळलं. पण नात्यातला नसलेला माणूस किडनी देणार असेल तर सरकारी नियमाप्रमाणं एका समितीपुढं जावं लागतं. माणूस खरंच जिव्हाळ्यानं देतोय, की आतून काही देणंघेणं आहे, हे ती समिती तपासते. दवाखान्यात त्यासाठी एक बाई होत्या. त्या आमची फाईल बनवत होत्या. फॉर्मवर एक रकाना होता, दात्याचं रुग्णाशी नातं. त्यांनी पेन थांबवून विचारलं, "काय लिहू?"

तो म्हणाला, "भाऊ लिवा."

"भाऊ लिहिलं तर रक्ताच्या नात्याचा पुरावा लागेल."

"मग मित्र लिवा," तो म्हणाला. मित्र हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. परक्या माणसाचा शब्द वाटला.

बाईंनी दोघांचे एकत्र फोटो मागितले. एकमेकांच्या घरचे असले तर उत्तम, म्हणाल्या. मी घरी अल्बम काढले. दहावीचा ग्रुप फोटो, पूर्णेच्या प्लॅटफॉर्मवरचा, जिंतूर रोडच्या हॉटेलातला, माझ्या लग्नातला. माझ्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसलेला तो, मांडीवर माझा पोरगा, समोर ताट. त्याच्या घरचा एकही नाही. त्याच्या लग्नाचे फोटो त्यानं आणले होते. चार मोठे अल्बम. आम्ही दोघांनी मिळून ते पालथे घातले. मी दोन फोटोंत सापडलो. एकात पाण्याच्या टाकीजवळ पाठमोरा, दुसऱ्यात जेवणाच्या पंगतीमागं बादली घेऊन.

बाई म्हणाल्या, "यांच्या घरातला एखादा?"

"आमच्यात फोटो काढायचं कुणाला सुचतच न्हाई," तो म्हणाला. चार अल्बम टेबलावर पडलेले होते.

त्या म्हणाल्या, आता काढून आणा. आम्ही झरीला गेलो. पोर्चात खुर्च्या मांडल्या. माय मधे बसली, तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मोठा भाऊ कडेला उभा राहिला. "कागदासाठी पायजे ना? मग काढा की," म्हणाला. त्याच्या पोरानं मोबाईलवर फोटो काढला. मागं घराचं दार होतं, उघडं. दाराला पडदा होता. माणूस मरायला टेकलेला असताना असल्या गोष्टी मनात आणू नयेत, असं मला वाटलं.

समितीचा दिवस आला. लांब टेबलामागं पाच-सहा माणसं, एका बाजूला कॅमेरा. आम्हाला वेगवेगळं आत बोलावलं. आधी तो गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा घामाघूम झाला होता, पण हसला. "काही न्हाई रे, साधंच इचारतेत," म्हणाला. पुढं काही बोलायच्या आत माझं नाव पुकारलं.

त्यांनी सुरुवातीला साधंच विचारलं. कधीपासूनची ओळख, नोकरी कुठं, बायकोची संमती आहे का, कुणी दबाव आणला का. मी उत्तरं दिली. मग टेबलाच्या मधे बसलेले गृहस्थ कागदावर बघत म्हणाले, "तुमचा दोन्ही घरांचा जुना घरोबा आहे, असं पेशंट सांगतात."

"हो साहेब. चाळीस वर्षांचा."

"ते म्हणतात, दर दिवाळीला आणि पोळ्याला तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसून जेवता. त्यांच्या आईच्या हातचं."

त्यांनी कागदावरून नजर वर केली.

"बरोबर आहे ना? स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे त्यांच्या घराचं?"

प्रश्न अवघड नव्हता. उजवीकडं म्हटलं असतं तरी चाललं असतं, ते काही झरीला बघायला जाणार नव्हते. मागं म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "साहेब, मी त्यांच्या घरात कधी आत गेलेलो नाही."

"कधीच नाही? चाळीस वर्षांत?"

"नाही."

"का बरं?"

माझं पूर्ण नाव त्यांच्यासमोर कागदावर होतं, गावाचं नाव होतं. टेबलाच्या टोकाला बसलेल्या एक बाई मान खाली घालून काहीतरी लिहू लागल्या. त्यांना समजलं होतं. सगळ्यांनाच समजलं असावं. मधले गृहस्थ मात्र नियमानं चालले. "मग जवळचे संबंध कसे म्हणायचे? पेशंट एक सांगतात, तुम्ही दुसरं सांगता."

"तो माझ्या घरी जेवतो," मी म्हणालो. "त्याचे फोटो हायीत फाईलमधी." माझी भाषा घसरली होती.

लोकांना मी सांगतो की मला खोटं बोलता येत नाही. ते खरं नाही. तिकीट खिडकीवर बसणारा माणूस दिवसातून दहा वेळा खोटं बोलतो. त्या खोलीत मला राग आला होता. चाळीस वर्षांत जे ताट त्यानं मला वाढलं नाही, ते त्यानं त्या पाच-सहा अनोळखी माणसांपुढं सहज वाढून टाकलं होतं. मायच्या हातचं, स्वयंपाकघरात बसून. मला विचारलंसुद्धा नव्हतं. मी ते खाल्लं, असं त्याच्या वतीनं मीच सांगावं, असं ते होतं. माझ्यानं ते गिळलं गेलं नाही. मी किडनी द्यायला तयार होतो आणि एक 'हो' द्यायला तयार झालो नाही. हे कितीदाही लिहिलं तरी मला नीट समजत नाही.

संध्याकाळी फाईल बनवणाऱ्या बाईंनी सांगितलं की दोघांच्या जबाबात फरक आहे, समितीनं अजून पडताळणी मागितली आहे. गावातून चौकशी होईल, कागद येतील, मग पुन्हा तारीख मिळेल.

गाडीनं परतताना वहिनी पुढं बसल्या होत्या, आम्ही दोघं मागं. मंठा गेलं, जिंतूर आलं. तेव्हा त्यानं विचारलं, "काय इचारलं तुला?"

मी सांगितलं.

त्यानं खिडकीची काच खाली घेतली. मग म्हणाला, "मला वाटलं तू व्हय म्हणशील."

"तू मला आधी सांगायचं होतं, काय बोलणार ते."

"आधी ठरवलंच न्हवतं रे. त्येंनी इचारलं, ते तुमच्या घरी जेवतेत का. न्हाई म्हणायची मला लाज वाटली."

"आज वाटली?"

त्यानं मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. वहिनी समोर ताठ बसून होत्या. झरी आली. तो उतरताना मी त्याला हात दिला, त्यानं तो घट्ट धरला. पोर्चातला दिवा लावलेला होता. मी उतरलो नाही, तसाच पुढं परभणीला आलो.

त्यानंतर माझ्या वारीही डायलिसिसला वहिनीच गेल्या. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "रविवारी ये. मायनं पुरण घालायचं म्हणलंय. आत बसून जेवू, दोघं."

मला तेव्हाही राग होता. आता कसं सुचलं, असं मनात आलं. चौकशीला माणूस यायचाय म्हणून असेल, असंही आलं. मी म्हणालो, "रविवारी ड्युटी हाय."

"मग पुढच्या रविवारी?"

"बघतो."

त्या रविवारी मला सुट्टी होती. मी दिवसभर घरी बसून होतो. बायकोनं विचारलं, झरीला जायचं नाही का? मी म्हणालो, कंटाळा आलाय.

पुढच्या रविवारी तो परभणीच्या दवाखान्यात होता. ताप आला होता, उतरत नव्हता. डायलिसिसच्या नळीतून जंतू गेले असावेत, डॉक्टर म्हणाले. मी धावत गेलो. तो मला ओळखत होता, पण बोलता येत नव्हतं. मी त्याच्या पायाशी बसून राहिलो. मोठा भाऊ बाहेर व्हरांड्यात फोनवर कुणाला तरी सांगत होता की सगळे प्रयत्न केले. बुधवारी दुपारी तो गेला.

मातीला सगळं गाव आलं होतं. मोठ्या भावानं पाहुण्यांना माझी ओळख करून दिली. "ह्ये आमच्या ह्याला भावासारखे होते बरं का. किडनी द्यायला तयार झालते." लोक माझ्याकडं आदरानं बघत होते. एकजण म्हणाला, "आसं सख्खा भाऊसुद्धा करत न्हाई." आणि सख्खे दोघंही तिथंच उभे होते, डोक्याला टॉवेल बांधून. त्यातल्या एकालाही मान खाली घालावी लागली नाही.

दीड महिन्यानं वहिनी एकट्या एसटीनं पूर्णेला आल्या. दुपारची वेळ होती. सोबत त्याची दवाखान्याची फाईल होती. माझी बायको स्वयंपाक करत होती, त्या सरळ आत येऊन जमिनीवर टेकल्या. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. त्या प्याल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भाऊजी, एक शबूद बोलायचा होता. निस्तं व्हय म्हणायचं होतं. तेवढं का जड गेलं तुमाला?"

माझी बायको पोळपाटापासून उठली. हाताला पीठ होतं. "आन तुमी, वैनी? एवढ्या वर्षांत एकदा तरी, आत या म्हणायचं होतं. तेवढं का जड गेलं?"

"मी सून हाय त्या घरची. माझं कोण ऐकतंय तिथं?"

"मग ह्येंचं तरी कोण ऐकत होतं?"

दोघी एकमेकींकडं बघत होत्या. मला वाटलं आता भांडण होईल. झालं नाही. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि बायको पुन्हा पोळपाटाशी जाऊन बसली. तिनं दोन ताटं वाढली. वहिनींनी अर्धी पोळी खाल्ली. फाईल त्यांनी माझ्याकडंच ठेवली. घरी नको म्हणाल्या, सासूबाई सारखी काढून बघतात.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. परभणीची गाडी लागलेली होती. त्या खिडकीशी बसल्या, मी खाली उभा. कंडक्टर चढला तेव्हा त्या वाकून म्हणाल्या, "एक सांगू का? नवं घर झालं तवा मी म्हणले होते त्यांना. आता घर नवं हाय, सासूबाईबी थकल्यात, भाऊजींना आत बसवत जा की. तर ते म्हणले, आगं, त्यो आपलाच हाय. त्याला त्याचं काय वाटतंय?"

गाडी सुरू झाली. त्या आणखी काहीतरी बोलल्या, इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

परवा झरीहून मायचा निरोप आला, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, भेटून जा. माझी आई आता नाही, वस्तीतलं घर बंद आहे. गेलो तर त्यांच्याकडंच जावं लागेल. मी निरोप्याला सांगितलं, येतो म्हणावं. अजून गेलेलो नाही.